पिंजरा लावला, बिबट्या लांब नेला, मग हल्ले वाढले कसे? जुन्नरचं प्रकरण

बिबट्याचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते माणसाने जंगलं तोडली म्हणून बिचारे गावात आले, दुसरी म्हणते सगळे पकडा आणि जंगलात नेऊन सोडा, नाहीतर गोळ्या घाला. जुन्नरमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत जे झालंय ते नीट बघितलं तर दोन्ही पार्ट्यांची पंचाईत होते, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

जुन्नर वनविभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके. पश्चिमेला सह्याद्री, माळशेज-भीमाशंकरची बाजू, तिथं खरंखुरं जंगल आहे. पूर्वेला उतरत गेलं की मोकळं रान, जे एकेकाळी बऱ्यापैकी कोरडवाहू होतं, बाजरी, मटकी, हुलगा असलं. मग कुकडी प्रकल्प झाला, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी धरणं आली, कालवे आले, आणि पाणी आलं की आपल्याकडे काय येतं ते सांगायला नको. ऊस आला, मागोमाग साखर कारखाने आले.

आता बिबट्याच्या बाजूने बघा. ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष जागेवर उभा असतो, आत शिरलं की दोन हातांवरचं दिसत नाही, भर उन्हाळ्यात गारवा, पाटाला पाणी, आणि खायला वस्तीवरची कुत्री, डुकरं, शेळ्या, कोंबड्या. मादीला पिल्लं घालायला याहून बरी जागा कुठं मिळणार. आज जुन्नर-शिरूरच्या उसात जे बिबटे आहेत त्यातले कितीतरी उसातच जन्मलेत, त्यांच्या आयाही उसातच जन्मल्या असणार. त्यामुळे "जंगल तोडलं म्हणून आले" हे इथं लागू पडत नाही. इथं जंगल तोडलं नाही, इथं माळरानावर आपणच हिरवं रान उभं केलं आणि त्यात तो राहायला आला. आणि तो काही सगळं जंगल सोडून आलेला निर्वासित पण नाही, त्याचं घर तेच आहे. म्हणजे "परत जंगलात सोडा" यातला "परत" हा शब्दच गडबडीचा.

तर मूळ प्रकरण असं. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर विभागात माणसांवर बिबट्याचे हल्ले वर्षाला सरासरी ४ व्हायचे. कमी नाहीत, पण हाताबाहेरही नव्हते. मग २००१ च्या सुमारास वनखात्याने पकडून सोडण्याचा धडाका लावला. शेळी मारली की पिंजरा, विहिरीत पडला की उचल, नुसता दिसला तरी गावाचा दबाव, सरपंचापासून आमदारापर्यंत फोन, लावा पिंजरा. आणि पकडलेला बिबट्या उचलून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडायचा. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा, प्राणीही वाचला, गावही सुटलं, कुणालाच वाईट वाटलं नाही.

आणि २००१ ते २००३ या तीन वर्षांत हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. म्हणजे सव्वातीनशे टक्क्यांची वाढ. त्याहून वाईट म्हणजे हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण दुप्पट झालं, १८ टक्क्यांवरून ३६ टक्के. आधी बरेच हल्ले ओरखडा काढून पळून जाणारे असायचे, नंतर तसं राहिलं नाही. त्या वर्षांत या पट्ट्यात संध्याकाळी सातनंतर लोक दार उघडायला तयार नसायचे.

पिंजऱ्यात काय होतं हे एकदा समजून घ्यायला पाहिजे. लोखंडी लांबट पिंजरा, दोन कप्पे, मागच्या कप्प्यात शेळी नाहीतर कोंबडी, पुढच्या कप्प्यात फळीवर पाय पडला की वरून दार धाडकन खाली. रात्री दोन-तीनला अडकला तर सकाळी माणसं येईपर्यंत तो दाराशी झटतो, गजांना चावतो, सुळे तुटतात, कपाळाचं कातडं सोलून निघतं. मग उजाडल्यावर अख्खं गाव बघायला येतं. शिट्ट्या, काठीने टोचणं, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवणं. माणसापासून चार हात लांब राहायचं हे ज्याने जन्मभर पाळलं त्याला आठ-दहा तास शेकडो माणसांच्या मधोमध बसवलं जातं, मग टेंपोत घालून रात्रीच्या रात्री अनोळखी डोंगरात सोडून दिलं जातं. तिथं आधीपासून दुसरे बिबटे आहेत, ते याला टिकू देत नाहीत, सुळे तुटलेले, सावज मारता येत नाही, पाणी कुठं माहीत नाही. तो काय करेल? उतरून जवळच्या वस्तीत येईल किंवा घराकडे चालायला लागेल.

आणि इकडे ज्या उसातून त्याला उचललं ती जागा काही रिकामी राहत नाही. खोली खाली झाली की आठवड्यात नवा भाडेकरू येतो तसं, आजूबाजूचा एखादा तरणा नर तिथं येऊन बसतो, आणि जुन्याला जसं माहीत होतं की कुठल्या वस्तीवर कुत्री आहेत, माणसं कुठून कधी जातात, ते याला काहीच माहीत नसतं. गावाला वाटतं तोच परत आला, मग परत पिंजरा.

हे सगळं नुसतं तर्काने सांगता आलं असतं, पण कुणी ऐकलं नसतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्या काळात इथं राहून वनखात्याच्या लोकांबरोबर काम केलं. वनखात्याच्या जुन्या नोंदी, पंचनामे, कुठून पकडला कुठे सोडला याच्या वह्या, हे सगळं काढून त्यांनी ताळा बसवला. त्याच्या जोडीला एक साधी युक्ती केली, पकडलेल्या बिबट्यांच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. पुढे तो कुठेही सापडला, मेला, परत पिंजऱ्यात आला तर यंत्र फिरवून कळतं हा कोण, कुठून आलाय. त्याआधी प्रत्येक बिबट्या "नरभक्षक तोच" असायचा, कारण ओळखायचं कसं हाच प्रश्न होता. २०११ साली हा अभ्यास छापून आला आणि वर दिलेले आकडे त्यातलेच.

इथं एक शंका कुणाही हुशार माणसाला येईल आणि यावी पण. हल्ले वाढले म्हणून पकडणं वाढलं असेल ना, पकडण्यामुळे हल्ले वाढले हे कशावरून? शंका अगदी रास्त आहे, अशा अभ्यासात एकच जुन्नर असतं, दुसरं जुन्नर तुलनेला ठेवता येत नाही. पण क्रम बघा. मोठ्या प्रमाणावर सोडासोडी आधी सुरू झाली, आणि सुरुवातीचे बरेचसे बिबटे माणसावर हल्ला केला म्हणून पकडलेले नव्हतेच, शेळ्या मारल्या किंवा नुसते दिसले म्हणून उचललेले होते. म्हणजे माणसाला हात न लावणारे प्राणी आपण उचलून, घाबरवून, जखमी करून दुसऱ्याच्या दारात सोडत होतो. मला तरी हे पुरेसं वाटतं.

मग आला आजोबा. हे नाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पण कथा म्हणून, पुरावा म्हणून नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. काढताना आणि नंतरही तो इतका शांत होता की त्याचं नाव आजोबा पडलं. गळ्यात जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटाच्या बाजूला सोडलं. कॉलरमधून ठिकाणं येत गेली आणि नकाशावर रेघ पश्चिमेला सरकत राहिली. शेतं, रेल्वे, मुंबई-आग्रा हायवे, वसईची कारखान्यांची बाजू, खाडी, सगळं पार करून साधारण १२० किलोमीटरवर तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत शेकडो वस्त्यांजवळून गेला असणार, कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीखाली मेला आणि शेपटीतल्या चिपवरून ओळख पटली. ज्यांना वाटत होतं की घाटात सोडला म्हणजे तो घाटातच राहील त्यांच्यासाठी ती रेघ पुरेशी होती.

यापेक्षाही मला अकोल्याचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो (विदर्भातलं नाही, नगर जिल्ह्यातलं अकोले), कारण तिथं काहीच घडलं नाही. म्हणजे खरंच, बातमी होईल असं काहीच नाही. १७९ चौरस किलोमीटरचा शेतीचा पट्टा, ऊस, डाळिंब, टोमॅटो, दर चौरस किलोमीटरला ३०० च्या वर माणसं, वन्यप्राणी असतील असं कुणी म्हणणार नाही असा भाग. ट्रॅप कॅमेरे लावले तर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि साधारण तितकेच तरस निघाले. शिवाय वाघाटी, रानमांजर, खोकड, कोल्हा. रात्री हीच मंडळी घरांपासून काही पावलांवरून जात होती. अभ्यासाच्या काळात तिथं बिबट्याने एकही माणूस मारला नाही. तोच ऊस, तसलीच गर्दी, फक्त तिथं घाऊक पकडापकडी नव्हती.

तिथल्या विष्ठा गोळा करून ते काय खातात तेही तपासलं. ८७ टक्के आहार पाळीव किंवा माणसाच्या आसपासच्या प्राण्यांचा, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, मांजरं १५ टक्के, शेळ्या ११ टक्केच. खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त. पण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रं बाहेर मोकळं हुंदडत असतं. म्हणजे बिबट्याची संख्या बऱ्याच अंशी आपल्या भटक्या कुत्र्यांवर आणि उकिरड्यावर उभी आहे. गावात कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. हे मुंबईतही तेच, आरे कॉलनी आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला.

मुंबईचं थोडक्यात सांगतो. २००२ ते २००४ मध्ये तिथंही हल्ल्यांचा कहर झाला होता, आणि त्या काळात बाहेरून पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते. पुढे सोडणं थांबलं, २०११ पासून वनखातं, पालिका, पोलीस, आसपासचे लोक आणि पत्रकार यांना एकत्र बसवून काम झालं आणि परिस्थिती बरीच निवळली. त्याच वर्षी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या की नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नका, पकडून लांब सोडणं टाळा, गर्दी आवरा, नुकसानभरपाई वेळेत द्या. जुन्नरच्या वह्यांमधून निघालेली गोष्ट देशाच्या कागदावर गेली, हे आपल्याकडे फार वेळा होत नाही.

जुन्नरनेही बरंच बदललं, ते सांगायला पाहिजे. उसतोडणी चालू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, डोळे पण नीट उघडले नाहीत अशी. पूर्वी ती थेट पिंजऱ्यात जायची, आयुष्यभरासाठी. आणि पिल्लं गायब झालेली मादी त्या शिवारात रात्रभर फिरते, आक्रमक होते, त्याचा ताप गावालाच. आता तोडणी थांबवतात, वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, नर-मादी, वजन, जखम, गोचीड, आणि संध्याकाळी त्याच जागेवर एका क्रेटमध्ये ठेवून कॅमेरे लावून लांब जातात. रात्री मादी येते. आधी बराच वेळ लांबून अंदाज घेते, मग क्रेट पाडते नाहीतर झाकण पंज्याने ढकलते, आणि मानगूट तोंडात धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. दोन असतील तर दोन खेपा. बऱ्याच गावात आता मुकादमच तोडणी थांबवून फोन करतो. हा बदल मला कुठल्याही पोस्टरपेक्षा मोठा वाटतो.

इथपर्यंत सगळं ठीक. पण प्रकरण इथं संपत नाही, आणि इथून पुढे मला निसर्गप्रेमी मंडळींशी थोडं भांडायचंय.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात तीन आठवड्यांच्या आत तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं. लोक पेटले, वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला. शेवटी शार्पशूटरनी एका बिबट्याला गोळी घातली. त्यानंतर पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात खुरपायला जायला लागल्या. असले पट्टे आपल्याकडे धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतात, लांडग्याने-बिबट्याने मान धरू नये म्हणून. ते फोटो बघून पुण्या-मुंबईतल्या काहींना गंमत वाटली, मला नाही वाटली.

"सहजीवन" म्हणायला सोपं आहे, ते निभावतं कोण ते बघा. बिबट्या उंचीने बुटक्या आकृतीकडे वळतो, म्हणजे लहान मूल, खाली वाकून खुरपणारी बाई, उघड्यावर बसलेला माणूस. बंगला असलेल्या बागायतदाराच्या घराला कंपाउंड आहे, लाईट आहे. ऊसतोड टोळी येते बीड, पाथर्डीकडून, पाचटाच्या कोप्या थेट फडाच्या कडेला, त्याला दार नाही, पहाटे चारला आई-बाप कोयता घेऊन फडात आणि पोरं कोपीत झोपलेली. मेंढपाळ उघड्या रानात वाड्यावर. आणि स्वतःचं रान असलेला छोटा शेतकरीसुद्धा रात्री बारा वाजता दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, उसात उभा, कारण शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी, खिशात मोबाईलवर मोठ्याने गाणी लावलेली, कारण आवाज असला की तो बाजूला होतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्या माणसाला जाऊन सांगा की चौरस किलोमीटरला इतकी घनता असूनही हल्ले दुर्मीळ असतात. त्याला माहीत आहे ते, तो रोज रात्री तेच गणित मांडून बाहेर पडतो.

म्हणून माझं मत असं झालंय की अभ्यास शंभर टक्के बरोबर आहे, फक्त अर्धवट अंमलात आणलाय. "पकडू नका" हा भाग सरकारला परवडला कारण त्याला खर्च नाही. त्याच्या जोडीचा भाग, म्हणजे दिवसा वीज, कोप्यांना कारखान्याने पक्की जागा, प्रत्येक वस्तीवर जाळीचा बंद गोठा, संडास, कचरा आणि कुत्र्यांचा बंदोबस्त, हे वनखात्याच्या हातातच नाही. वीज महावितरणकडे, कोप्या कारखान्याकडे, कचरा ग्रामपंचायतीकडे, आणि माणूस मेला की शिव्या खायला मात्र फॉरेस्टचा गार्ड, ज्याच्याकडे बऱ्याचदा दहा-बारा गावं आणि एक मोटरसायकल. मृत्यू झाला तर घरच्यांना २५ लाख मिळतात, चांगलंच आहे, पण ते पैसे मेल्यावर मिळतात. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायची योजना २०१७ पासून आहे, ती खरं तर या चार तालुक्यांत सगळ्यात आधी संपवायला हवी होती. रात्रीचं दारं धरणं बंद झालं तर माणूस आणि बिबट्या समोरासमोर येण्याच्या वेळाच कितीतरी कमी होतील, आणि त्यासाठी एकाही बिबट्याला हात लावावा लागणार नाही.

त्याऐवजी सध्या चर्चा आहे निर्बीजीकरणाची. राज्याने केंद्राकडे परवानगी मागितली, प्रायोगिक म्हणून थोड्या माद्यांपुरती ती मिळाल्याच्या बातम्याही आल्या. करून बघायला माझी हरकत नाही, पण हिशोब तर करा. मादीला एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात, आणि एकूण माद्यांतल्या बहुतेकांना पकडल्याशिवाय संख्येवर फरक पडत नाही. त्या पकडायच्या कशा? पिंजरा लावून, म्हणजे परत तीच गर्दी, तेच तुटलेले सुळे, शिवाय सोडायचं त्याच जागी, ज्याला गाव तयार होणार नाही. आणि ज्या मादीचं निर्बीजीकरण झालं ती पुढची आठ-दहा वर्षं त्याच उसात राहणारच आहे, शेळी आणि कुत्रं मारणारच आहे.

आणि एकूण माद्या किती? २०२२ च्या देशव्यापी गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरलेत, पण ती गणना मुख्यतः जंगलाच्या पट्ट्यांची आहे, उसातले बिबटे त्यात मोजलेलेच नाहीत. अकोल्यासारखं कॅमेरे लावून, ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखून मोजायचं काम या चारही तालुक्यांत दर दोन-तीन वर्षांनी व्हायला पाहिजे. पद्धत माहीत आहे, करणारी माणसं पुण्यातच आहेत, आणि कॅमेऱ्यांचा खर्च निर्बीजीकरणाच्या मानाने काहीच नाही. तोपर्यंत पन्नास माद्या म्हणा, पाचशे म्हणा, दोन्ही आकडे भाषणात सारखेच खपतात.